पिकअप मॉडिफाय करताय? ॲव्हरेज नेमकं कुठे जातं ते आधी बघा

नवीन पिकअप घेतला की महिनाभरात हात शिवशिवायला लागतात. मोठे टायर हवेत, गाडी थोडी उंच (म्हणजे लिफ्ट) हवी, पुढे लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर, त्यावर लाईटची पट्टी. मी पण हे सगळं केलं, फक्त उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी सगळं सामान एकाच आठवड्यात बसवून घेतलं आणि मग ॲव्हरेज का पडलं ते शोधत बसलो. आता पाच गोष्टी एकदम बदलल्यावर दोष कुणाच्या माथी मारणार? टायरवाला म्हणे लिफ्टमुळे, लिफ्टवाला म्हणे टायरमुळे, आणि मी वहीत आकडे लिहून डोकं खाजवतोय. शेवटी एकेक गोष्ट काढून, परत लावून, मोजून बघावी लागली. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय. मॉडिफिकेशन करूच नका असं माझं म्हणणं नाही, माझा ट्रक आजही उंचच आहे, पण कशाची किती किंमत इंधनात मोजतोय ते माहीत असलेलं बरं.

सुरुवातीला हे जवळ ठेवा:
- चांगला हवा मोजायचा गेज (पंपावरच्या गेजवर विसंबू नका, दोन पंपांचे आकडे जुळले तर नशीब)
- मोबाईल, जीपीएसवर अंतर मोजणारं कुठलंही साधं ॲप
- मोजपट्टी
- वही, किंवा मोबाईलमधली शीट
- गाडीचं मॅन्युअल आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो, त्यावर टायरचा साईझ आणि हवेचा आकडा असतो
- वजनकाट्याची पावती, गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशी) असतानाची

1. एकही नट फिरवायच्या आधी स्टॉक गाडीचं ॲव्हरेज काढा

डॅशबोर्डवर दिसणारा आकडा धरू नका. तो अंदाज असतो, आणि बऱ्याचदा गाडीच्या बाजूने झुकलेला. टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत. एकच पंप, जमलं तर तोच नोझल, आणि नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं. पंपावरचा माणूस राऊंड फिगर करायला अजून थोडं टाकतो म्हणेल, नाही म्हणा. कारण साधं आहे, भरताना एका लिटरचा फरक पडला आणि तुम्ही फक्त 20 लिटर भरलेलं असेल तर हिशोबात 5 टक्क्यांची चूक झाली. तेच 60 लिटर भरलं असेल तर चूक दीड टक्क्याच्या आसपास राहते. म्हणून टाकी बरीच रिकामी होऊ द्या आणि मगच भरा, आणि एका टाकीवर निकाल लावू नका, किमान तीन टाक्या लिहून ठेवा. सोबत रस्ता कुठला होता, गाडीत माल होता का, थंडी होती का, एसी किती चालवला हे एका ओळीत लिहायचं. थंडीत गाडी गरम व्हायला वेळ लागतो, हवा पण जड असते, त्यामुळे उन्हाळ्यात स्टॉक मोजून थंडीत मॉडिफाय केलेली मोजली तर दोष बिचाऱ्या टायरवर जातो.

अजून एक सवय लावा, किलोमीटर प्रति लिटर बरोबर 100 किमीला किती लिटर हा आकडा पण काढा. 10 चं ॲव्हरेज 9 वर आलं तर 100 किमीला 1.1 लिटर जास्त लागतं. पण 6 चं 5 वर आलं तर तब्बल 3.3 लिटर जास्त. दोन्हीकडे "एकनेच पडलं" असं म्हणतो आपण. जड गाडीत तो एक फार महाग असतो.

2. इंधन खातं कोण ते एकदा समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे. सपाट रस्त्यावर एकाच स्पीडने चालताना इंजिन मुख्यतः दोन गोष्टींशी भांडत असतं, हवा आणि टायर. टायरचा विरोध स्पीड वाढला तरी फारसा वाढत नाही. हवेचा मात्र स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 वरून 100 ला गेलात तर स्पीड सव्वापट झाला पण हवेचा धक्का दीडपटीहून जास्त.

एक साधारण मोठा पिकअप धरून हिशोब करून बघितला, वजन 2200 किलो, समोरचं क्षेत्रफळ 3.2 चौरस मीटर, हवेचा गुणांक (गाडीचा आकार हवा किती अडवतो त्याचं माप) 0.42. 100 च्या स्पीडला हवेचा विरोध साधारण 620 न्यूटन येतो आणि टायरचा 215 च्या आसपास. म्हणजे हवा टायरच्या जवळजवळ तिप्पट. 50 च्या स्पीडला तीच हवा 155 वर येते आणि टायर तिला मागे टाकतो. याच्या मधे कुठेतरी, 60 च्या आसपास, दोघं बरोबरीत असतात.

आता तुमचं चालवणं यात बसवून बघा. रोज शहरात, सिग्नल ते सिग्नल जात असाल तर वजन आणि टायर तुमचा खिसा कापणार. हायवेवर तासन्‌तास असाल तर गाडीच्या बाहेर जे जे वाऱ्यात उभं आहे ते कापणार. दोघांना सल्ला एकच असू शकत नाही, आणि "माझ्या मित्राला तर काहीच फरक पडला नाही" असं कुणी म्हणालं की आधी विचारा तो चालवतो कुठे.

3. टायर, सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे

मोठे, खडबडीत टायर एकाच वेळी चार बाजूंनी मारतात: जास्त वजन, जास्त रोलिंग विरोध, रुंदीमुळे हवेचा जास्त विरोध, आणि बदललेलं गिअरिंग. आणि वर मीटर खोटं बोलायला लागतं ते वेगळंच.

मीटरपासून सुरू करू कारण ९० टक्के भांडणं यावरच होतात (हा ९० माझा अंदाज, मोजलेलं नाही). समजा कंपनीचा टायर 265/70 आर 17 आहे, म्हणजे रुंदी 265 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के आणि रिम 17 इंच. व्यास काढायचा तर 17 गुणिले 25.4, अधिक 265 च्या 70 टक्क्यांची दुप्पट, उत्तर 803 मिमी. आता 285/70 आर 17 लावला तर 831 मिमी. फरक साडेतीन टक्के. म्हणजे चाक एका फेरीत साडेतीन टक्के जास्त अंतर कापतं पण गाडीला ते माहीतच नाही. मीटर 600 किमी दाखवत असेल तर खरे 621 झालेत. त्यात 66 लिटर गेलं असेल तर मीटरच्या हिशोबाने 9.1 आणि खऱ्या हिशोबाने 9.4. मी पहिले दोन महिने हा हिशोबच केला नव्हता, आणि तेवढं जास्तीचं रडगाणं गाऊन झालं होतं. जीपीएसवर 50-60 किमीचा सरळ रस्ता मोजा, मीटरशी ताडून बघा आणि तो गुणक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. स्पीडोमीटर पण तेवढाच कमी दाखवतो हे विसरू नका, तुम्हाला वाटतं 100 आणि गाडी 103 च्या पुढे असते, दंडाची पावती फाडताना टायर साईझ कुणी विचारत नाही. जमत असेल तर मीटर नव्या साईझला कॅलिब्रेट करून घ्या, ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी टाकायचा ते पण याच आकड्यावरून ठरतं.

वजनाबद्दल एक गैरसमज सगळीकडे फिरतो, की चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले आठ किलो, कुणी दहा म्हणतं. असं काही नाहीये. चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेला असलेलं वजन पुढे पण जातं आणि गोल पण फिरतं, त्यामुळे वेग पकडताना ते जास्तीत जास्त दुप्पट धरलं जातं, त्यापेक्षा नाही. पण दुप्पट पण थोडं नसतं, टायरमागे 6 किलो वाढले तर चार टायरचे 24 आणि सिग्नलवरून निघताना इंजिनला ते जवळपास 48 वाटतात. ब्रेकला पण तेवढेच वाटतात, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, तेवढं लक्षात ठेवून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा.

खरा चोर नक्षीत असतो. चिखलाचे टायर, मोठमोठे ठोकळे आणि मधे रुंद चर, डांबरी रस्त्यावर हे ठोकळे दाबले जातात, सुटतात, परत दाबले जातात आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. तुम्ही वर्षातून दोनदा चिखलात जात असाल तर उरलेले दिवस त्या दोन दिवसांचं भाडं भरताय. ऑल-टेरेनमधे सौम्य नक्षीचा, आणि शक्यतो कमी लोड रेटिंगचा (गाडीच्या वजनाला पुरेल एवढा, त्याखाली अजिबात नाही) टायर घेतला तर बराच बचाव होतो. दिसायला थोडा कमी दांडगा वाटतो, चालायचंच.

गिअरिंगचं असं आहे की थोडा मोठा टायर हायवेवर आरपीएम कमी करतो, त्यामुळे काही जण म्हणतात ॲव्हरेज वाढेल. ताकद उरलेली असेल तर होऊ पण शकतं, पण साधारणपणे तसं घडत नाही, वाढलेल्या विरोधामुळे वरचा गिअर ओढत नाही, ऑटोमॅटिक सारखा खाली येतो, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक सुटतं, आणि मॅन्युअलवाला चढावर चौथ्यात रडत बसतो. टायर फारच मोठा घेतला असेल, समजा 803 वरून 35 इंची म्हणजे 889 मिमी, तर फरक जवळपास 11 टक्के. अशा वेळी डिफरन्शिअलचा (ॲक्सलमधल्या गिअरचा) रेशो बदलणं हाच उपाय: जुना 3.73 असेल तर गुणाकार करून 4.13 येतो, म्हणजे बाजारात मिळणारा 4.10 जवळचा. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही बदलायचे, एकच बदलला आणि फोर व्हील टाकलं तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) वाट लागेल. खर्चिक काम आहे, म्हणून टायरचा साईझ ठरवतानाच हा खर्च त्यात धरा.

आणि हवा! नवीन टायर बसवल्यावर दारावरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, आणि टायरवर छापलेला कमाल आकडा तर भरायचाच नसतो. टायर कंपनीच्या लोड टेबलवरून (किती वजनाला किती हवा, याचा तक्ता) तुमच्या ॲक्सलच्या वजनाला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवं ते काढा. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार चारही टायरमधे सरासरी 1 पीएसआय हवा कमी झाली की ॲव्हरेज 0.2 टक्क्यांनी पडतं. वाळूत जाताना हवा सोडली आणि परत भरायची विसरलात तर 15 पीएसआय म्हणजे 3 टक्के तिथेच गेले, टायर गरम होऊन फाटायचा धोका वेगळा.

4. गाडी उंच करताना

उंची वाढली की समोरून दिसणारं क्षेत्रफळ थोडं वाढतं, पण खरी गडबड खाली होते. गाडीखालून जाणारी हवा ॲक्सल, सायलेन्सर, टाकी, पाटे यांच्यावर आपटत जाते, जेवढी उंच गाडी तेवढी जास्त हवा खाली घुसणार. कंपनीने पुढच्या बंपरच्या खाली ती काळी प्लास्टिकची पट्टी याचसाठी दिलेली असते, हवा बाजूला वळवायला. ऑफरोडला घासते म्हणून लोक ती पहिल्याच दिवशी काढून फेकतात. मी पण काढली होती, फेकली नव्हती एवढंच बरं केलं, आता हायवेच्या लांब ट्रिपला परत लावतो.

5 सेंमीची साधी लिफ्ट आणि 15 सेंमीची लिफ्ट यात जमीन अस्मानाचा फरक आहे. तुमच्या टायरला जेवढी जागा लागते तेवढीच घ्या. आणि लिफ्टनंतर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी. टो (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) बिघडला असेल तर दोन्ही पुढची चाकं एकमेकांशी भांडत, घासत पुढे जातात, ॲव्हरेज पण जातं आणि नवे टायर पण. अलाइनमेंटचा रिपोर्ट प्रिंट करून घ्या, तोंडी "झालं साहेब" चालत नाही. माझ्या गाडीला एका ठिकाणी असंच "झालं" होतं, दोन महिन्यांनी पुढच्या टायरवर हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवत.

5. टपावरचं आणि बाहेर आलेलं

माझ्या मते सगळ्यात निरर्थक नुकसान इथे होतं, कारण बहुतेक वेळा वर काहीच नसतं. अमेरिकेत गाड्यांवर मोठी चौकोनी टपपेटी लावून बघितलं तेव्हा शहरात 2 ते 8 टक्के, हायवेवर 6 ते 17 टक्के आणि 105 ते 120 च्या स्पीडला 10 ते 25 टक्के नुकसान निघालं. पिकअपला आकडा वेगळा येईल पण दिशा तीच. टपावरचा तंबू ही पण पेटीच. रिकामा कॅरिअर कमी खातो पण खातोच, आणि शिट्टी वाजत असेल तर समजा हवा तिथे अडकतेय. आपल्याकडे हौदा असताना सामान टपावर का न्यायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही, हौद्यात केबिनच्या आडोशाला ठेवलेलं सामान वाऱ्यात जवळपास नसतंच.

लाईटच्या पट्टीबद्दल लोक विचारतात की वीज किती खाते. 200 वॅटची पट्टी तासभर चालू ठेवली तर अल्टरनेटर आणि इंजिनची गळती धरून साधारण 0.12 लिटर. म्हणजे रात्री तासभर वापरली तर अर्ध्या पाण्याच्या ग्लासाएवढं. ती दिवसा बंद असताना, नुसती टपावर उभी राहून 100 च्या स्पीडला जी हवा अडवते तिची काळजी करा. बंपरच्या आत, ग्रिलच्या रेषेत बसवली तर हा प्रश्नच मिटतो, फक्त रेडिएटर झाकू नका.

6. फाळका उघडा की बंद?

बंद. फाळका उघडा ठेवला की हवा सरळ निघून जाते हे ऐकायला पटतं, पण बंद फाळक्यामुळे हौद्यात हवेचा एक फिरता भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्या भोवऱ्यावरून घसरत पुढे जाते. उघडलात की तो भोवरा मोडतो. फाळक्याच्या जागी जाळी लावणं हा पण त्याच समजुतीतला खर्च. हौद्यावर सपाट कव्हर टाकलं तर थोडा फायदा होतो, एखाद-दोन टक्के मिळाले तरी खूप समजा, हायवेवरच, आणि कव्हर जड असेल तर शहरात तेवढं परत जातं. ढिली फडफडणारी ताडपत्री टाकलीत तर फायदा विसरा.

7. वजन

इथे फार काही नाही. 45 किलोला साधारण 1 टक्का असा ढोबळ आकडा आहे, जड ट्रकला त्याहून कमी. पण स्टीलचा बंपर, विंच, खालच्या प्लेटा, हौद्यातले ड्रॉवर, दुसरी स्टेपनी, जास्तीची टाकी (80 लिटर डिझेलचेच 67 किलो होतात) असं करत करत 250-300 किलो कधी चढतात कळत नाही. सगळं बसवून झालं की परत वजनकाट्यावर जा. गाडीच्या कमाल वजनातून हे वजा केल्यावर माल आणि माणसांसाठी किती उरलं ते बघा, काही जणांचं उत्तर शून्याखाली येतं.

8. इंजिनमधून परत मिळेल का?

इथे सापळे सगळ्यात जास्त. पेट्रोल गाडीत नॉर्मल चालवताना थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) अर्धवट बंदच असतो, म्हणजे हवा आपण मुद्दाम अडवलेली असते. मग मागे मोकळा फिल्टर लावून काय होणार? फुल ॲक्सिलरेटरला ताकद थोडी वाढेल, ॲव्हरेज नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मधे चोंदलेला फिल्टर लावून बघितला होता, आधुनिक फ्युएल इंजेक्शन गाडीचं ॲव्हरेज तरी जवळपास तेवढंच राहिलं, वेग पकडणं मात्र मंदावलं. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचं पण तेच, उलट आवाज ऐकून पाय जास्त दाबला जातो.

डिझेलमधे रिमॅपिंगने (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) खालच्या आरपीएमला टॉर्क वाढतो आणि शांत चालवलं तर थोडा फायदा होऊ शकतो, पण वाढलेली ताकद वापरायची नाही एवढा संयम मला तरी नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारा भाग) काढून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, धूर लोकांच्या छातीत जातो, आणि गाडी तपासणीत अडकते. लायटरच्या सॉकेटमधे बसणारी "इंधन बचत" डबी, पाईपवरचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, यावर बोलण्यात वेळ घालवत नाही.

9. आता बसवताना: एका वेळी एकच, आणि कागद

एक बदल करा, तीन टाक्या मोजा, मगच पुढचा. शंका असेल तर काढून परत तीन टाक्या मोजा, म्हणजे आधी, नंतर आणि परत आधी. पहिला आणि तिसरा आकडा जुळला नाही तर मधल्या आकड्यावर पण विश्वास ठेवू नका, ऋतू नाहीतर रस्ता बदललेला असणार.

कागदांमधे टायर-लिफ्टची बिलं, अलाइनमेंट रिपोर्ट, दोन्ही वेळच्या वजनकाट्याच्या पावत्या आणि स्टॉक गाडीचे चारही बाजूंचे फोटो एकत्र ठेवा. नोंदणीत बदल दाखवावा लागतो का ते तुमच्या इथल्या वाहतूक कार्यालयात बसवायच्या आधी विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा, फोनवर सांगितलेलं क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही. वॉरंटीत काय बसतं ते पण लेखीच घ्या.

आणि कंपनीचे जुने टायर रिमसकट निदान सहा महिने विकू नका. टायरवाला बदल्यात चांगला भाव देतो म्हणेल, मोह होतो, पण ते गेले की परत आधीचं ॲव्हरेज मोजायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.